वेनची सतरा वासरं

किस्से काही कुणी ठरवून जमवत नाही. ते आपोआप साठत जातात आणि मग कुणाच्या तरी घरी पॉटलकला, म्हणजे प्रत्येकाने एकेक पदार्थ आणायच्या जेवणाला, हातात प्लेट घेऊन उभं असताना, एकातून दुसरा निघत जातो. आमच्याकडे जरा जास्तच साठतात. कारण आमच्या कामात एका बाजूला गायी, दुसऱ्या बाजूला कॉम्प्युटर आणि मध्ये आम्ही!

नेब्रास्कातल्या एका युनिव्हर्सिटीच्या फार्मवर मी गेली अकरा वर्षं नोकरी करतोय. मांसासाठी पाळतात त्या जातीच्या गायींवर तिथे संशोधन चालतं. कुठल्या गायीची वासरं सुखरूप जन्मतात, कुठल्या वळूची भराभर वाढतात, कोण दरवर्षी वेळेवर गाभण राहते, आणि यातलं रक्तातून किती येतं नि चाऱ्यातून किती, हे आकड्यांतून शोधायचं. मी त्यातले आकडे सांभाळतो. अकोल्याहून स्टॅटिस्टिक्स शिकून आलेला माणूस मी. गायीच्या मागे उभं राहू नये, एवढंच पशुविज्ञान घरून आणलं होतं.

आमची बॉस कॅरल. बाई सरळ, पण पट्टीसारखी सरळ. तुम्ही म्हणालात की बाहेर पाऊस पडतोय, तर म्हणेल, "डेटा दाखव." डेटाबेस बघतो नितीन. मूळचा पुण्याचा, अ‍ॅशबर्नच्या डेटा सेंटरमधली नोकरी सोडून इथे आलेला. आणि गायी बघतो वेन. सहासष्ट वर्षांचा, तीस वर्षांहून जास्त याच फार्मवर. यंदाचा विण्याचा हंगाम त्याचा शेवटचा. शेवटचं वासरू जन्मेपर्यंत काम करायचं आणि मग घरी बसायचं, एवढीच त्याची इच्छा होती. आणि नेमके डोळे साथ देत नव्हते.

*

आधी नितीनचा पराक्रम सांगतो, म्हणजे माणूस कळेल.

नितीन नवीन लागला तेव्हा कॅरलने त्याला सांगितलं, "डेटा जरा स्वच्छ कर." पुण्याच्या माणसाला स्वच्छ कर म्हणालं की तो थांबत नाही. आठवडाभर खपून त्याने सगळा डेटाबेस घासूनपुसून लख्ख केला. सगळे खूश.

महिन्याभराने कॅरलने जुळ्यांचा रिपोर्ट मागितला. कुठल्या घराण्यात जुळी जास्त होतात, हा तिचा आवडता विषय. रिपोर्ट आला. जुळी : शून्य. वीस वर्षांत आमच्या फार्मवर एकाही गायीला जुळं झालेलं नव्हतं! कॅरल माझ्याकडे आली, मी नितीनकडे गेलो.

"दादा, डुप्लिकेट होते यार खूप," नितीन म्हणाला. "आई तीच, बाप तोच, जन्मतारीख तीच, वजनसुद्धा जवळजवळ सेम. दुसरी एंट्री डिलीट केली."

तेवढ्यात वेन चहासाठी आत आला. त्याला सगळं सांगितलं. त्याने दोन्ही बाह्या कोपरापर्यंत वर केल्या, हात नितीनच्या नाकासमोर धरले आणि म्हणाला, "ती सगळी मी याच हातांनी ओढून काढलीत. एकामागून एक. त्यातलं डुप्लिकेट कुठलं होतं, तेवढं सांग!"

बॅकअप होता म्हणून जुळी परत आली. तेव्हापासून वेन नितीनला हाक मारताना दोनदा मारतो. "नितीन! नितीन!" एकदा खरी, एकदा डुप्लिकेट.

*

यंदाच्या जानेवारीतली गोष्ट. मी मागच्या वर्षीची जन्मवजनं तपासत होतो. सगळी वेनच्या वहीतली. ऐंशी पौंड, पंच्याऐंशी, नव्वद, पुन्हा ऐंशी. एकही वासरू ब्याऐंशीचं नाही! हे म्हणजे परीक्षेत सगळ्या वर्गाला बरोब्बर साठ मार्क पडल्यासारखं झालं. मी वही काखेत मारून तणतणत गोठ्यावर गेलो.

"वेन, निसर्ग पाचाच्या पाढ्यात चालत नाही."

"बरोबर आहे," तो म्हणाला. "चल, एक वासरू वेळेआधीच आलंय. तूच कर वजन."

कुरणात गेलो. वासराच्या पायांना पट्टा अडकवून ते लटकत्या काट्यावर उचलायचं, एवढंच काम. मी वाकलो आणि पाठीमागून त्याची आई आली. मी पिकअपवर कसा चढलो ते मला आजही माहीत नाही. शेवटी वेनने वासरू उचलून धरलं, गाय त्याच्याभोवती फुरफुरत फिरतेय, वासरू लाथा झाडतंय, आणि मी वरून काटा वाचतोय. काटा सत्तर ते पंच्याण्णवच्या मध्ये नाचत होता.

"किती?" वेनने विचारलं.

"ऐंशी लिही," मी म्हणालो.

तो इतका हसला की त्याला खाली बसावं लागलं. मीही हसलो. मग हसू ओसरल्यावर तो म्हणाला, "तुझ्याशी खोटं बोलत नाही. नाचला नाही तरी मला तो काटा दिसत नाही. समोर बघितलं की मधोमध ढग येतो. कडेचं दिसतं. गाय दिसते, तिचा नंबर दिसत नाही. डॉक्टर म्हणतो, हे परत येणार नाही. कॅरलला सांगू नकोस. शेवटचं वासरू जन्मेपर्यंत."

मी चिडून गेलो होतो आणि त्याचा माणूस होऊन परत आलो. फक्त नितीनला सांगितलं. दुसऱ्या दिवसापासून गाडी चालवायला आणि काटा वाचायला नितीन वेनबरोबर जाऊ लागला. वजनं त्र्याऐंशी, सत्त्याऐंशी, एक्याण्णव अशी यायला लागली.

पुढच्या मीटिंगमध्ये कॅरल कौतुकाने म्हणाली, "वेन, या वयातही माणूस सुधारू शकतो!"

*

फेब्रुवारीत नेब्रास्काला कोण येतं? आमची मावशी! एडिसनला तिची लेक असते. लेकीकडे सहा महिन्यांसाठी आली की आठ दिवस माझ्याकडे.

मी काय काम करतो हे मावशीला पूर्ण कधी सांगितलेलं नाही. तिथल्या ओक ट्री रोडवर, देशी दुकानात भाजी घेताना कुणी विचारलं तर ती म्हणते, "गायींचा डॉक्टर आहे." एकदा मी धीर करून सांगायला लागलो की मावशी, या गायी दुधाच्या नाहीत. तिने हात वर केला. "पुढचं सांगू नकोस. मीही विचारत नाही. जिवंत आहेत तोवर नीट बघतोस ना? मग झालं."

तर एका रविवारी वेन आमच्याकडे चहाला आला. हातात विक्रीला असलेल्या वळूंचा कॅटलॉग. फार्मसाठी नवा वळू निवडायचा होता. मावशीने चहा ठेवला. वेनने कपाच्या बाजूला हात नेला, मग चाचपत कपाकडे. मावशी माझ्याकडे वळून मराठीत म्हणाली, "तुझ्या काकांना हेच झालं होतं रे. कप नेहमी उजव्या हाताला, एकाच जागी ठेवत जा." आख्ख्या ऑफिसला जे वर्षभरात कळलं नाही ते हिला पाच मिनिटांत कळलं.

मग चष्मा लावून ती त्याच्याशेजारी बसली आणि कॅटलॉग वाचून दाखवू लागली. मावशी तीस वर्षं शाळेत इंग्रजी शिकवत होती. एकेका वळूचं वजन, स्वभाव, मुलींचं दूध, वासरं जन्मताना होणारा त्रास. वाचता वाचता ती रंगली आणि मध्येच मराठीत मला सांगू लागली. "हा बरा वाटतो, स्वभाव शांत आहे. हा दिसायला राजबिंडा, पण आईकडचं काहीच लिहिलेलं नाही. लपवतायत काहीतरी. याला नाही म्हण."

मी वेनला इंग्रजीत सांगितलं. तो म्हणाला, "कितवा? चौदा नंबर ना? त्याची आई मी पाहिलीय. दोनदा कुंपण तोडून पळाली होती. तुझ्या मावशीला नोकरी हवी आहे का विचार!"

*

कुंपणावरून आठवलं.

आमच्या वासरांचा बाप कोण, हे डीएनएवरून ठरतं. एका कुरणात तीन-चार वळू असले की डोळ्यांनी कळणं शक्य नाही. फेब्रुवारीच्या सुरुवातीला जन्मलेल्या एका वासरावर कॅरल जाम खूश होती. पाठ सरळ, वाढ जोरात. "याचा बाप कळला की पुढची पाच वर्षं तोच वापरू," म्हणाली. रिपोर्ट आला. आमच्या चौदा वळूंपैकी एकही बाप नाही!

शेजारच्या रँचवर गॅरी राहतो. त्याचा एक काळा वळू आहे. त्या वळूचे केस मागवून तपासले. तोच!

गॅरी वासरू बघायला आला तेव्हा कॅरलने विचारलं, "तो आत आला कसा?" गेल्या एप्रिलमध्ये कुंपणाची एक तार तुटली होती आणि वेन तिच्याजवळून रोज जात होता. ती त्याला दिसली नव्हती. त्या दिवशी त्याचा चेहरा उतरलेला बघवत नव्हता. मला वाटलं, आता हा स्वतःच सगळं सांगून टाकतोय.

तेवढ्यात गॅरीच म्हणाला, "कॅरल, तो हत्ती आहे. धड तार असती तरी आला असता. चूक माझी." वेनने सुस्कारा टाकला. गॅरी बराच वेळ वासराकडे कौतुकाने बघत राहिला. त्याचा दोन वर्षांपूर्वी घटस्फोट झालाय, मुलं आईकडे असतात.

"एक विनंती आहे," तो म्हणाला. "एक वीकेंड आड भेटायला येऊ द्या. मला आता सवय आहे."

*

मार्चच्या मध्यावर बर्फाचं वादळ आलं. सकाळी ऊन, अकरा वाजता हिमवर्षाव, दुपारी स्वतःचा हात दिसेना. आणि गायींना नेमकं तेव्हाच विण्याचं सुचतं! ओलं वासरू अशा वाऱ्यात तासभरसुद्धा टिकत नाही. फार्मच्या दोन्ही पिकअप लांबच्या कुरणात अडकल्या होत्या. उरली नितीनची एसयूव्ही. तीन आठवड्यांपूर्वी घेतलेली, मुग्धाच्या म्हणजे बायकोच्या पसंतीची, आत फिक्या रंगाच्या सीट.

"नितीन! नितीन!" वेन म्हणाला. "चावी आण."

नितीन गाडी चालवतोय, हीटर फुल, आणि वेन काच खाली करून डोकं बाहेर काढून बसलेला. बर्फात डोळे असून नितीनला काही दिसत नव्हतं. वेन कान देऊन ऐकायचा आणि म्हणायचा, "थांब. डावीकडे." उतरून बघावं तर खरंच वासरू पडलेलं. ते उचलून मागे टाकायचं. हंबरत आई गाडीमागे यायची, आणि वेन आवाज ऐकून सांगायचा, "ही चारशे एकोणीस. हिचा घसा बसलेला असतो." नितीन वासराच्या पाठीवर रंगाच्या कांडीने एक, दोन, तीन असा नंबर घालायचा आणि खिशातल्या वहीत त्याच्यापुढे आईचा नंबर लिहायचा. कानातले टॅग बर्फाने थापलेले, ते कुणालाच वाचता येत नव्हते.

चार खेपांत सतरा वासरं गोठ्यात आणली. ऊब दिली, नळीने चीक पाजला, सतराच्या सतरा जगली. नितीन घरी निघाला तेव्हा त्याला उभं राहवत नव्हतं. मला त्याचा इतका अभिमान वाटला की मी त्याला मिठी मारली आणि मग आंघोळ केली.

मुग्धाने गॅरेजमध्ये गाडीचं मागचं दार उघडलं. मग सीटवरून वासराला चिकटून आलेल्या जारेचा, म्हणजे वारेचा एक तुकडा चिमट्याने उचलून म्हणाली, "नितीन, हे ओल्या कचऱ्यात टाकू की सुक्या?"

*

वादळानंतर आठवड्याभराने युनिव्हर्सिटीच्या सेफ्टीवाल्यांचा वार्षिक फॉर्म आला. त्यात एक प्रश्न होता : तीस फुटांवरून जनावराच्या कानातला नंबर वाचता येतो का? वेनने बाकी सगळं मार्लीनकडून, म्हणजे बायकोकडून भरून घेतलं आणि तेवढी एक जागा कोरी ठेवली. खोटं लिहवेना, खरं लिहवेना.

कॅरलने आम्हा तिघांना बोलावलं. फॉर्म पुढे केला.

"येतो का?"

"नाही," वेन म्हणाला.

"तुम्हा दोघांना माहीत होतं?"

मी हो म्हणालो. नितीन हो म्हणाला. ती आमच्यावर जेवढी चिडली तेवढी वेनवर नाही. "तुम्ही दोघं डेटाची माणसं आहात आणि मला डेटा लपवता?" मान खाली घालून उभे राहिलो.

मग ती वेनला म्हणाली, "वादळात त्या सतरा वासरांच्या आया तू सांगितल्यास. डीएनए लॅबला गेलाय. रिपोर्ट येईपर्यंत कुरणात जायचं नाही. सतराही बरोबर निघाल्या तर शेवटच्या वासरापर्यंत राहा, नितीन बरोबर असेल. एक जरी चुकली तर घरी. मी गायींमध्ये अंदाजावर चालणारा माणूस ठेवू शकत नाही. तुला काही झालं तर मी मार्लीनला काय सांगू?"

"एकसुद्धा?" मी विचारलं.

"एकसुद्धा."

वेन मान डोलावून निघून गेला. पुढचे बारा दिवस आमचे कसे गेले ते आम्हालाच माहीत. दहाव्या दिवशी मार्लीनचा मला फोन. "त्याला घेऊन जा कुणीतरी, हात जोडते. सकाळपासून माझ्या कोंबड्यांना अंड्यांवरून नापास करतोय!"

*

बाराव्या दिवशी रिपोर्ट आला. कॅरलच्या खोलीत आम्ही चौघं. वेन इस्त्रीचा शर्ट घालून आलेला. कॅरल एकेक नंबर वाचत गेली. एक, बरोबर. दोन, बरोबर. दहापर्यंत सगळ्या बरोबर. लॅबला जवळजवळ तीन आठवडे आणि यंत्रं लागली ते या माणसाने हिमवादळात गाडीच्या खिडकीतून सांगितलं होतं! नितीनने टेबलाखाली माझा गुडघा घट्ट धरला होता.

"अकरा," कॅरल म्हणाली आणि थांबली. "तू सांगितलंस दोनशे अडुसष्ट. लॅब म्हणते सातशे एकतीस. पहिलटकरीण आहे."

बारा ते सतरा सगळ्या बरोबर निघाल्या, पण तिचा आवाज पडला होता. तिलाही हे नको होतं, स्पष्ट दिसत होतं. पण नियम तिचाच होता.

वेनने टोपी उचलली. "डेटा आहे, सबब नको," एवढंच म्हणाला आणि उठला.

"एक मिनिट! एक मिनिट थांबा!" नितीन ओरडला आणि धावत बाहेर गेला. परत आला तो खिशातली ती वही घेऊन. पानं भिजून फुगलेली, मागच्या बाजूला रक्ताचे डाग. त्याने अकरा नंबरचं पान उघडलं. समासात बारीक अक्षरात पेन्सिलीने काहीतरी लिहिलेलं. मराठीत. बोटं गोठली होती, गडबडीत जी भाषा हाताला आली ती.

तो वाचायला लागला तर कॅरलने अडवलं. "तू नाही. तू लिहिलंयस." तिने वही माझ्यापुढे सरकवली. "तू वाच. आहे तसं. एक शब्द वाढवायचा नाही."

वेन दारात उभा होता. मी मराठीतून वाचत एकेक वाक्य इंग्रजीत सांगत गेलो.

"अकरा नंबर. वेन म्हणतो, आवाजावरून ही सातशे एकतीस. व्यायली आणि चालती झाली. वळून बघितलंसुद्धा नाही. दोनशे अडुसष्टचं स्वतःचं वासरू शेजारी मेलेलं. ती याला चाटून कोरडं करतेय. वेनला विचारलं, आईचा एकच रकाना आहे, कुणाचं नाव घालू? तो म्हणाला, चाटतेय तिचं घाल."

कॅरलने वही माझ्या हातातून घेतली. तिला त्यातलं एक अक्षर कळत नव्हतं, तरी ती ते पान बघत राहिली. मग वही मिटून तिने नितीनला परत दिली.

"आणखी एक कॉलम वाढव," ती म्हणाली. आणि दाराकडे न बघताच, "वेन, उद्या सकाळी सहाला राउंड आहे."